तळहातावरचा नाद : खेळ आणि रियाज

जपानी कलावंत तोशिओ इवाई आणि यामाहा कंपनीचे यू निशिबोरी यांनी मिळून घडविलेले ‘तेनोरी-ऑन’ हे डिजिटल वाद्य २००७ साली लंडनमध्ये प्रथम विक्रीस आले. नावाचा अर्थ तळहातावर बसणारा नाद. दोन्ही हातांत धरावयाची चौकोनी चौकट आणि तीत १६ ओळींत १६ याप्रमाणे २५६ प्रकाशणारी बटणे, एवढेच त्याचे रूप. ज्यास स्वरज्ञान नाही त्यानेही बोट टेकवावे आणि शोधत, खेळत संगीतापर्यंत पोहोचावे, हा त्यामागील हेतू. अशा वाद्यांची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न आम्हांस केवळ कुतूहलाचा वाटत नाही. घरचा तंबोरा गवसणीत गेला आणि नातवंडांच्या हाती पडदा आला, ही आपल्यापैकी अनेक घरांची स्थिती आहे.

प्रथम गुण पाहू. या वाद्याच्या मूळ पद्धतीत काळ डावीकडून उजवीकडे वाहतो आणि स्वर खालून वर चढतात. एक उभी प्रकाशरेषा फिरत राहते, वाटेतील पेटलेले बटण वाजते आणि टोक गाठताच पुन्हा आरंभ होतो. आवर्तन म्हणजे काय, हे येथे डोळ्यांना दिसते. ‘बाउन्स’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीत प्रकाशाचा ठिपका चेंडूसारखा खाली पडतो व तळाशी आपटताच वाजतो. उंचावरून सोडलेला उशिरा वाजतो, जवळून सोडलेला लवकर. तीन-चार ठिपके निरनिराळ्या उंचीवरून सोडले की लयींची गुंफण तयार होते आणि मूल तिचे कारण स्वतःच शोधून काढते. चुकण्याची धास्ती घालविताना कार्यकारणभाव मात्र उघडा ठेवला, यात रचनाकाराचे कौशल्य आहे.

इवाई यांच्याच २००५ मधील ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’ या निन्टेन्डो यंत्रावरील संगीतखेळात केलेली रचना साठवून ठेवण्याची सोय नव्हती. काहींना ती उणीव वाटली. आम्हांस तो गुण वाटतो. मैफलही अशीच विरून जाते.

आता उणेपण. तेनोरी-ऑनवर एखादी स्वरपट्टी निवडली की दाबाल ते बटण त्या पट्टीतच वाजते. दोन स्वरांच्या मधली वाट बोटाला मोकळी नाही; म्हणून मींड नाही, श्रुतीचा शोध नाही. व्हायोलिन हाती घेतलेले मूल प्रारंभी कर्कश वाजवते, परंतु सरकत्या बोटामागे त्याचा कान धावत असतो. तेही शोधणेच आहे. बेसूर होण्याची शक्यताच काढून घेतली, तर सुरेल होण्याचे समाधानही जाते.

हाच आक्षेप एकेकाळी पेटीवर होता. तिचे स्वर अचल म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी ठेवली. तथापि ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांनी त्याच पेटीतून ठुमरीचा भाव उभा केला होता. कारण मर्यादा असली तरी भात्याचा दाब आणि बोटांची चपळाई यांत हाताला जन्मभर पुरेल एवढे काम होते. वाद्याची कसोटी आमच्या मते येथे आहे. पहिल्या दिवशी ते किती सहज वाजते हे पाहावेच. परंतु हजाराव्या दिवशी हाताला आणि कानाला शिकण्यासारखे काय उरते, हेही विचारावे.

या कसोटीवर तेनोरी-ऑन लयीच्या बाबतीत उत्तम उतरते आणि स्वराच्या बाबतीत अपुरे पडते. त्याच धर्तीचे खेळ आता पडद्यावर मिळतात. नातवंडांना ते खेळू द्यावेत. लय त्यांच्या अंगी भिनेल. मात्र स्वरासाठी गवसणीतला तंबोरा बाहेर काढून जुळवून ठेवावा आणि तोही त्यांना निःसंकोच छेडू द्यावा. तार उतरली तर पुन्हा चढविता येते.