लिपीचा दोष आणि भाषेचा दोष : यामाहा डीएक्स-७ वरील नादरचनेविषयी

यामाहा कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेल्या डीएक्स-७ या सिंथेसायझरविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. हे वाद्य वाजविण्यास सुखकर, परंतु त्यावर नवा नाद घडविणे जवळजवळ अशक्य. कारण ज्या फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनच्या तत्त्वावर ते उभे आहे ते तत्त्वच मुळी दुर्बोध आहे, असे ते मत होय. त्याला जोडून आणखी एक आरोप केला जातो. लाखाहून अधिक विकल्या गेलेल्या या वाद्याच्या बहुसंख्य धन्यांनी कारखान्यातून भरून आलेलेच नाद वाजविले, ते केवळ आळसामुळे, असा तो आरोप आहे. या दोन्ही विधानांतील निरीक्षण खरे आहे. कारणमीमांसा मात्र टिकणारी नाही.

प्रथम तत्त्वाचा विचार करू. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असे आढळून आले की, स्वराला दिलेला कंप अतिशय जलद केला असता तो कंप म्हणून ऐकू येईनासा होतो आणि नादाची जातीच पालटते. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला व पुढे स्टॅनफर्डकडून यामाहाने त्याचे हक्क घेतले. डीएक्स-७ मध्ये असे सहा लहरजनक असतात. त्यांना ऑपरेटर म्हणतात. जो ऑपरेटर प्रत्यक्ष ऐकू येतो तो वाहक. जो दुसऱ्या ऑपरेटरच्या कंपनसंख्येत विकार घडवितो तो विकारक. सहांची मांडणी बत्तीस प्रकारांनी होऊ शकते व या मांडण्यांना अल्गोरिदम अशी संज्ञा आहे. विकारक व वाहक यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर पूर्णांकी असेल तर नाद सुरेल वाटतो, तसे नसेल तर घंटेसारखा. एवढे व्याकरण कोणत्याही जिज्ञासू वादकास एका दुपारी समजू शकते.

अडचण सुरू होते ती दर्शनी पट्टीपाशी. एका नादाची रचना, त्याचे नाव वगळता, १४५ मूल्यांनी निश्चित होते. त्यांपैकी प्रत्येक ऑपरेटरची २१, म्हणजे सहांची १२६. नादाचा कालगत चढउतार ठरविणारी मूल्येच ४८ भरतात. ही सारी मूल्ये बदलण्यासाठी सपाट पडदाकळा, एक सरकपट्टी आणि एकेक पायरी वरखाली करणारी दोन बटणे, इतकीच साधने दिलेली आहेत. आणि ती पाहण्यासाठी सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळींची खिडकी. वरच्या ओळीत अल्गोरिदमचा क्रमांक, चालू असलेल्या ऑपरेटरांची खूण व निवडलेला ऑपरेटर. खालच्या ओळीत एक घटक आणि त्याचे एक मूल्य. उरलेली मूल्ये त्या क्षणी अदृश्य असतात. कागदाला एका शब्दाएवढे भोक पाडून त्यातून ग्रंथ वाचावा, तसा हा प्रकार आहे. अशा वाचकास ग्रंथ दुर्बोध वाटला तर ग्रंथकाराला बोल लावण्यात काय अर्थ?

यापेक्षाही मूलगामी असा एक दोष आहे. सत्ताविसाव्या कळेने 'आउटपुट लेव्हल' हा घटक निवडला जातो. तो वाहकाचा असेल तर त्याने नादाची तीव्रता बदलते. विकारकाचा असेल तर जाती बदलते. श्रोत्याच्या दृष्टीने ही दोन सर्वस्वी भिन्न कार्ये आहेत, परंतु पट्टीवर त्यांना नाव एकच आणि खिडकीतील अंकही एकाच मापाचे. मराठीत 'जग' हा लेखनात एकच शब्द दिसतो. पण विश्व या अर्थी त्यातील ज तालव्य आहे आणि 'जगणे'च्या आज्ञार्थी तो दंततालव्य आहे. देवनागरी हा भेद दाखवीत नाही. म्हणून मराठी बोलणाऱ्याला तो भेद नाही, किंवा मराठी ही दुर्बोध भाषा आहे, असे कोणी म्हणत नाही. अडखळतो तो केवळ लिपीवरून भाषा शिकणारा. डीएक्स-७ चा धनी नेमक्या याच अवस्थेत असतो. बत्तीस अल्गोरिदमांच्या आकृत्या वाद्याच्या माथ्यावर छापलेल्या आहेत, हे निर्मात्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु छापलेल्या तक्त्यात सिद्धांत दिसतो, हातातले वाक्य दिसत नाही.

'ई. पियानो १' हा कारखान्यातून आलेला नाद उदाहरणादाखल घेता येईल. त्या दशकातील असंख्य संथ गीतांत तो ऐकू येतो. त्याचा अल्गोरिदम पाचवा, म्हणजे वाहक-विकारकांच्या तीन जोड्या. पहिल्या जोडीतील विकारकाची कंपनसंख्या वाहकाच्या चौदापट आहे. आघाताच्या क्षणी जी धातूची किणकिण उमटते ती या विकारकामुळे. कळ जोराने दाबावी तसा नाद अधिक उजळतो. रचना मोठी डौलदार आहे आणि समजण्यास मुळीच कठीण नाही. तथापि ती किणकिण थोडी कमी करू इच्छिणाऱ्याला, ती दुसऱ्या क्रमांकाच्या ऑपरेटरमध्ये आहे, हे आधीच ठाऊक असावे लागते. खिडकी ते सांगत नाही.

ते शोधून काढण्याचा एक मार्ग मात्र या वाद्यातच आहे आणि त्याकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही. संपादनाच्या अवस्थेत पहिल्या सहा कळा एकेक ऑपरेटर बंद वा चालू करतात. दुसरा बंद केला की किणकिण नाहीशी होते, बाकीचा नाद तसाच राहतो. भाषाशास्त्रज्ञ एक ध्वनी बदलून अर्थ बदलतो का हे पाहतो, तीच ही विनिमयाची कसोटी. मूल्यांच्या सारण्या पाठ करण्याऐवजी या सहा कळांपासून शिक्षणास आरंभ झाला असता, तर आळसाचा आरोप करण्याचे प्रसंग पुष्कळ कमी आले असते.

या संदर्भात १९७० च्या मिनिमूगचा दाखला नेहमी दिला जातो : एक नॉब, एक कार्य, सारे एका नजरेत. तुलना आकर्षक असली तरी तिच्यातून निघणारा उपाय अपुरा आहे. जेलिंगहाउस या जर्मन कारखान्याने डीएक्स-७ साठी बहुतेक प्रत्येक घटकाला स्वतंत्र नॉब असलेली पट्टी खरोखरच तयार केली होती. तिच्यात मूल्ये हाताशी आली. कोणता ऑपरेटर कोणावर अवलंबून आहे हा संबंध नॉबांच्या रांगेतून दिसत नाही तो नाहीच. अलीकडच्या काळात डेक्स्ड या संगणकीय प्रणालीने सहाही ऑपरेटर, त्यांचे चढउतार आणि अल्गोरिदमची आकृती एका पडद्यावर आणली. त्यात मूल्ये तीच आहेत, आणि तिथे घडविलेला नाद मिडीच्या तारेने १९८३ च्या मूळ वाद्यातही भरता येतो. भाषा तसूभरही न बदलता लिपी बदलली आणि दुर्बोधतेचा मोठा भाग नाहीसा झाला. रूढ मताविरुद्ध याहून बलवत्तर पुरावा कोणता हवा?

मोठा भाग, सर्व नव्हे. विकारकाचे मूल्य वाढवीत नेले असता नादातील प्रत्येक उपस्वर सरळ वाढत जात नाही. काही वाढतात, मावळतात आणि पुन्हा उगवतात. हे बेसेल फलांचे गणित आहे व कानाने त्याचा अंदाज बांधणे अनुभवी माणसालाही जड जाते. शिवाय जे ऐकू येते त्याला शब्द नसतो. डीएक्स-७ मध्ये नादाला नाव देण्यास दहा अक्षरांची जागा आहे. कारखान्यातील नावे पाहावी : ब्रास, कोटो, मारिंबा, ट्यूब बेल्स, ट्रेन. सारी नावे ज्याचे अनुकरण केले त्या वस्तूंची आहेत. ज्या नादाला जगात पूर्वरूपच नाही, त्याच्यासाठी त्या दहा अक्षरांत काय लिहावे, या प्रश्नाला निर्मात्यांच्या यादीत उत्तर नाही आणि वादकांच्या बोलीतही ते अजून फारसे घडलेले नाही.