जकातघराचे खांब, वखारीची भिंत

आदिलाबादला समुद्र नाही, पण जकात आपल्याला नवी नाही. निजामाच्या राज्यात या खात्याला करोडगिरी म्हणत. पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड, अलीकडे निजामाचा मुलूख. तेव्हा आपलं बंदर म्हणायचं तर ही नदीच. या पट्ट्यातल्या कापसाची मोठी बाजारपेठ मात्र मुंबई. म्हणून तिथली जकातघरं आणि वखारी आपल्याशी काय बोलतात, ते बघावंसं वाटलं.

फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर जुनं जकातघर आहे. आता तिथे मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी भरते. इमारतीचं मूळ अठराव्या शतकाच्या आरंभाइतकं जुनं. तेव्हा ती पाण्यालगत होती. पुढे समुद्रात भराव पडत गेले, किनारा पूर्वेकडे सरकला आणि धक्क्यावरची इमारत रस्त्यावरची झाली. ती देखणी नाही. पण एखाद्या घरात माणसं वाढतील तशा खोल्या वाढाव्यात, तशी ती कामाच्या गरजेने वाढली आहे, आणि मला तिचं तेच आवडतं. जवळच १८३३ चा टाउन हॉल आहे. त्याच्या त्या उंच पायऱ्या आणि ग्रीक धाटणीचे खांब! बघणाऱ्याने आधी दबून जावं, मग वर चढावं. जकातघराला असा आव आणता येत नाही.

नवं जकातघर बॅलार्ड इस्टेटमध्ये. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात ही वसाहत उभी केली. आराखड्यामागे वास्तुविशारद जॉर्ज विटेट. रस्ते रुंद, इमारतींची उंची सारखी, दगडी काम नेटकं. तिथून चालताना बरं वाटतं, हे खरंच. पण माझी तक्रार आहे. याच विटेटने वस्तुसंग्रहालयाच्या घुमटासाठी विजापूरकडे पाहिलं आणि गेटवेच्या कमानीसाठी गुजरातकडे. जिथे राजाचं स्वागत करायचं, तिथे आपली कमान चालली. जिथे आपल्या मालाचा हिशोब व्हायचा, तिथे मात्र सगळा थाट युरोपचा! ही संपत्ती कुठल्या काळ्या मातीतून आली, हे तिथल्या भिंती बघून कुणाला कळणार?

ते कळतं शिवडीकडे, कॉटन ग्रीनला. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० च्या दशकात इकडे आला. तिथल्या वखारींना कुणी सुंदर म्हणत नाही. लांबच लांब रांगा, साध्या भिंती, नक्षी नाही. पण रुई म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बाईला सांगायला नको. एक ठिणगी पडली की संपलं, आणि ओल लागली तर गाठ वाया. वखारीचं सगळं रूप या दोन भयांतून आलेलं असतं. भिंत कुणाला दिपवायला नाही, माल राखायला आहे. आपल्या कणगीचं शहाणपण हेच.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत विरुद्धराज्यातिक्रम आहे आणि हीनाधिकमानोन्मानही. म्हणजे राज्याचा नियम डावलून व्यापार करणं आणि मापात खोट ठेवणं. व्यापारी घरातल्या आपण मुली हे लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटतं, इमारतीलाही हे माप लावावं. जे काम तिच्या आत चालतं, त्यापेक्षा जास्त किंवा कमी दाखवते, ती मापात खोटी. या काट्यावर वखार खरी उतरते. बॅलार्ड इस्टेट देखणी असूनही थोडी कमी भरते.

आता मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदीच्या जमिनीचा नव्याने विकास करायच्या योजना आहेत. खांबांच्या इमारती वाचतील. त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. वखारींच्या बाजूने कोण बोलणार? आपल्याकडेही जिनिंगची जुनी आवारं अशीच मुकाट पडतात. त्यांच्या जागी गाळे निघतात आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच जकातघराच्या वहीत चढलं नाही. तिच्या कष्टाची दगडामातीतली खूण शोधायची, तर ती अशा बिननक्षीच्या भिंतीतच सापडेल. तेवढी तरी राहावी, एवढं मागणं आपण नक्की करू शकतो.