भुताचा पत्ता

मागल्या पावसाळ्यात पालीच्या बौद्धवाडीतल्या विहारात एक भांडण झालं. भांडण पुस्तकांवरून झालं याचा मला आनंदच झाला. नाहीतर आपली भांडणं जयंतीच्या वर्गणीवरून होतात. भांडणात मीही ओढला गेलो, म्हणून हे लिहितो आहे.

झालं असं. कुणीतरी घर आवरताना दोन पोती जुनी पुस्तकं विहाराच्या कपाटाला दिली. त्यात चरित्रं होती, बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड होते आणि तळाशी नारायण धारपांच्या कादंबऱ्या होत्या. दोन महिन्यांत खंडांवरची धूळ हलली नाही आणि धारपांची पानं मात्र सुटी व्हायला आली. मग बैठकीत ठराव आला : ही भुताखेतांची पुस्तकं विहारात नकोत. एकानं तर म्हटलं, जाळून टाका, आपल्याला जाळायची सवय आहे. मला म्हणाले, तुम्ही लिहिता-बिहिता, तुम्ही निकाल द्या. मी म्हटलं, निकाल देणारा मी कोण? आधी ज्यांनी वाचलंय त्यांना विचारू. वाचणारे काय बोलले ते खाली देतो. माझं म्हणणं त्यानंतर.

ज्यांनी धारप वाचले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. नारायण धारप (१९२५–२००८) हे मराठीत भयकथा लिहिणारे सर्वांत मोठे नाव. त्यांचा एक नायक समर्थ. कुणाच्या घरात, कुणाच्या अंगात, कुठल्या ओसाड वाड्यात काहीतरी अमानवी शिरतं. माणसं हवालदिल होतात. मग समर्थ येतो, त्या शक्तीशी झुंजतो आणि तिला हुसकावतो. त्याच्या हकिकती सांगायला अप्पा सोबत असतो. इंग्रजीत आज ज्याला राक्षसांच्या शिकाऱ्याची कादंबरी म्हणतात, तिचा हा आपल्याकडचा अवतार. धारपांची ‘लुचाई’ तर स्टीफन किंगच्या १९७५ च्या रक्तपिपासू पिशाच्चांच्या कादंबरीवरूनच बेतलेली आहे. मुंबई-पुण्याच्या फिरत्या वाचनालयांनी ही पुस्तकं घरोघर नेली. समीक्षकांनी त्यांना दारातच उभं केलं. दारात उभं राहणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता वाचकांची मतं.

पहिला, एस.टी.त वाहक. तो म्हणाला, “मुक्कामाच्या गाडीवर झोप लागत नाही, तेव्हा वाचतो. धारप वाचताना पान उलटायची घाई होते. आपल्या लोकांची पुस्तकं मी वाचतो, पण ती वाचून परत आपलंच दुःख. ते तर घरी आहेच. इथं निदान एक माणूस उभा राहतो आणि जिंकतो. मला जिंकणारा माणूस वाचायला आवडतो. यात माझं काय चुकलं?”

दुसरा, ठराव मांडणारा कार्यकर्ता. तो म्हणाला, “बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. श्राद्धपक्ष सोडला, पिंडदान सोडलं. मेलेला परत येतो ही कल्पनाच आपण १९५६ ला नागपुरात टाकून आलो. आणि विहारात, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून पोरं भूत वाचतात! मंत्र म्हटला की भूत पळालं. उद्या हीच पोरं भगताकडे कोंबडं घेऊन जातील. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ साली पुण्यात गोळ्या घातल्या, त्या कशासाठी?”

तिसरी, डी.एड. झालेली आणि नोकरीची वाट बघणारी मुलगी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला पुस्तकाची भीती वाटली नाही. मला भीती वाटली ती एका गोष्टीची. समर्थ कधी चुकत नाही. तो ज्याला भूत म्हणतो ते भूतच निघतं. माझ्या मावशीवर तिच्या गावात करणीचा आळ आला होता. शेजाऱ्याची म्हैस मेली म्हणून. तेव्हा पण एक जाणकार आला होता. त्यानं पण बोट दाखवलं. तो पण चुकत नाही असंच सगळ्यांना वाटत होतं.” एवढं बोलून ती चहा आणायला निघून गेली. बैठकीत कुणी तिला पुढं काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ती चूक आमची.

चौथी आजी. तिला वाचता येत नाही. नातू मोठ्यानं वाचतो, ती ऐकते. ती हसत म्हणाली, “आरं, भुताला भिऊन आमाला चाललं असतं व्हय? मयताचा सांगावा घेऊन तुजा आजा राती-बेराती धा-धा कोस जायाचा. हातात काठी, काठीला घुंगूर. मसणवट वाटंतच. त्याला कोन समर्थ व्हता? भूत त्याला कदी भेटलं नाय. मानसं भेटायची. त्यांचंच भ्याव.”

मित्रांनो, मी चार दिवस या चार मतांभोवती फिरत होतो. आता माझं म्हणणं सांगतो.

वाहकाचं मत मी खाली पडू देणार नाही. मी स्वतः शाळेत असताना भिंतीवर बाबासाहेब आणि उशाखाली समर्थ असा वाढलो. कंदिलाच्या उजेडात धारपांनी मला घाबरवलं आणि वाचायची चटक लावली. त्या चटकेवरच पुढं मी बागुल वाचले, अण्णा भाऊ वाचले. अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ १९५९ चा. तोही जोरकस, धावता, लढणारा आणि लोकांनी डोक्यावर घेतलेला. तेव्हा मारामारी आहे, वेग आहे, म्हणून पुस्तक हलकं ही प्रस्थापितांची मोजपट्टी आपण हातात धरायची नाही. धारपांची मराठी साधी आहे. रोजच्या स्वयंपाकघरात, माजघरात ते भीती आणून ठेवतात. हे काम येरागबाळ्याचं नाही.

कार्यकर्त्याचं मत अर्धं खरं. पण पुस्तक वाचून माणूस भगताकडे जातो असं मला दिसलेलं नाही. दवाखाना लांब असला, पदर फाटका असला, पोर तापानं फणफणलं की माणूस भगताकडे जातो. धारपांना जाळून दवाखाना जवळ येणार नाही.

पण मग धारपांना माफ करायचं का? नाही. माझी तक्रार वेगळी आहे. भूत आहे की नाही, हा माझा प्रश्न नाही. भूत राहतं कुठं, हा माझा प्रश्न आहे.

या जातीच्या गोष्टी उघडून बघा. संकट येतं ते सुखवस्तू, पांढरपेशा घरावर. आणि येतं कुठून? ओसाडातून, वेशीबाहेरून, मसणाच्या अंगानं, जिथं चांगल्या घरची माणसं तिन्हीसांजेनंतर जात नाहीत तिथून. आता सांगा, त्या वेशीबाहेर कोण राहत होतं? मेलेलं ढोर ओढणारा, सरणाची लाकडं फोडणारा, शिवेची राखण करणारा, रात्रीचा सांगावा नेणारा कोण होता? भुताचा जो पत्ता, तोच आमचा पत्ता. लेखकाच्या मनात तसं नसेलही. पण गावाचा नकाशा त्याच्या हातात आयताच आला आणि त्यानं तो तपासला नाही. वाडीतला पोरगा ती गोष्ट वाचतो, समर्थाच्या बाजूनं टाळ्या वाजवतो आणि आपल्याच घराकडे परक्या डोळ्यांनी बघायला शिकतो. मी शिकलो होतो. संध्याकाळी शाळेतून परतताना मला माझ्याच वाडीची वाट भेसूर वाटायची.

आपल्याकडे भुतांनाही जाती आहेत. मुंज होऊन अकाली मेलेला ब्राह्मणाचा पोर मुंजा. तो पिंपळावर बसतो. विद्वान ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध. त्याचा मान मोठा. बाळंतपणात बाई मेली तर अळवंतीण. तिला मान नाही, फक्त भय. एंथोवेन या इंग्रज अधिकाऱ्याचा कोकणच्या लोकसमजुतींवरचा ग्रंथ १९१५ साली निघाला. त्यातल्या भुतांच्या यादीतही ब्राह्मणाचं भूत वेगळं आणि शूद्राचं वेगळं. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही!

आणि मंत्र म्हणून भूत घालवणं ही नुसती कादंबरीतली गोष्ट आहे काय? पालीच्या तिठ्यावर उभे राहा. एक रस्ता लांज्याकडे जातो, एक नाणीज-साखरप्यावरून आंबा घाटाकडे. आणि हातखंब्याकडे वळलात की हाच महामार्ग उत्तरेला थेट महाडला नेतो. त्या महाडात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या. भटांनी मंत्र म्हटले. तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. आता ही हकीकत धारपांच्या चौकटीत बसवून बघा. जागा बाधित झाली, जाणकार आले, मंत्रोच्चार झाले, बाधा गेली. यात समर्थ कोण आणि भूत कोण? आपण भूत होतो, मित्रांनो. आपल्या ओंजळीची बाधा झाली होती.

म्हणून त्या मुलीचं मत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. समर्थ कधी चुकत नाही, हाच या कादंबऱ्यांचा खरा दोष. शिकारी चुकू शकतो, त्यानं बोट दाखवलं ती बाई निरपराध असू शकते, ही शंका कथेत एकदा शिरली की कथेचं हाड बदलतं. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे बोट दाखवणाऱ्यालाच आरोपी करता येतं. हे कायद्याला कळलं. कथेला अजून कळायचं आहे.

कुणी म्हणेल, असं लिहिता येतं काय? येतं. अमेरिकेतल्या पी. जेली क्लार्क या काळ्या लेखकानं २०२० साली ‘रिंग शाउट’ नावाची छोटी कादंबरी लिहिली. काळ १९२२, गाव जॉर्जियातलं मेकन. तीन काळ्या बाया शिकारी आहेत. एकीच्या हातात तलवार, एकीच्या हातात बंदूक. आणि राक्षस कोण? पांढरे अंगरखे घालून काळ्यांना जाळणारे कू क्लक्स क्लानवाले. द्वेष त्यांच्या अंगात शिरतो आणि ती माणसं राक्षस होतात. वेग आहे, रक्त आहे, मारामारी आहे. आमच्या वाहकाची झोप उडेल अशी ती गोष्ट आहे. पण भुताचा पत्ता बदलला आहे. भूत आता जाळणाऱ्याच्या घरी राहतं. ज्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांच्याकडून हीसुद्धा एक गोष्ट उचलायला हरकत नाही. ज्याला इंग्रजी येतं त्यानं ती विहारात बसून इतरांना सांगावी.

आपल्या जिल्ह्यात तर माल पडून आहे. रत्नागिरीतल्या तुंबाडच्या नावानं २०१८ साली सिनेमा निघाला. वाडा, खजिना, न संपणारी भूक. राक्षस वाड्यातच आहे हे त्या सिनेमानं दाखवलं, ते मानलं पाहिजे. पण त्या वाड्याला पोसणारी कुळं मला पडद्यावर दिसली नाहीत. याच कोकणात खोत होते. कुळानं राबायचं आणि खोतानं खायचं. ती खोती मोडायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलावर चालून गेले. खोती कायद्यानं संपली ती १९४९ साली. पिढ्यान् पिढ्या खाऊनही पोट न भरणारं, एका घरातून दुसऱ्या घरात वारसानं जाणारं ते काय होतं? पिशाच्चाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या भयकथेत सापडली नाही. आणि त्याची शिकार मंत्रानं झाली नाही. मोर्चानं झाली, विधेयकानं झाली.

तेव्हा विहाराच्या बैठकीत मी असं सांगितलं : पुस्तकं जाळायची नाहीत. जाळायची ती मनुस्मृती होती, कारण तिच्या हुकमानं माणसं चिरडली जात होती. धारप हुकूम देत नाहीत, गोष्ट सांगतात. गोष्टीला उत्तर गोष्टीनं द्यायचं. कपाटापाशी एक वही ठेवायची. जो पुस्तक नेईल त्यानं परत करताना तीन ओळी लिहायच्या : भूत कुठं राहत होतं, शिकार कोणी केली, आणि शिकाऱ्याला भूत ओळखायचा अधिकार कोणी दिला.

ठराव मांडणारा मित्र अजून नाराज आहे. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही, एवढं पुरे. वहीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. वाहकानं लिहिलंय, “एवढा विचार करून वाचलं तर मजा जाते.” तीही नोंद राहू दे. खरी आहे.

डी.एड.वाल्या मुलीनं वहीत नोंद केली नाही. तिनं चार पानं लिहून आणून दिली आहेत. गोष्ट आहे. एक म्हैस मेलेली आहे, एक जाणकार गावात आला आहे आणि त्याच्या मागावर काठीला घुंगूर बांधलेली एक बाई निघाली आहे. पुढलं अजून लिहायचं आहे म्हणाली. पूर्ण झाली की याच पानांवर छापू.