क्रियापदाची साक्ष : ‘मित्राची गोष्ट’ ते ‘कोबाल्ट ब्लू’
(देवनार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

देवनारमध्ये या विषयावर बोलायला मिळतंय याचा आनंद आहे. जवळच टाटा समाजविज्ञान संस्था आहे, त्यामुळे समोर विद्यार्थी पुष्कळ दिसताहेत, आणि त्यांच्या शेजारी आमच्या वयाची मंडळीही बसली आहेत. विद्यार्थ्यांना ‘क्वीअर’ हा शब्द रोजचा आहे. इतरांसाठी एवढंच सांगतो : ज्यांचं प्रेम किंवा ज्यांची स्वतःविषयीची जाणीव ठरलेल्या स्त्री-पुरुष चौकटीत मावत नाही, त्यांनी स्वतःसाठी घेतलेलं हे नाव.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे सवय अशी, की गोष्टीकडे जाण्याआधी तिच्यातल्या वाक्याकडे बघायचं. म्हणून आज व्याकरणापासून सुरुवात करू.

मी गेलो, मी गेले. तू आलास, तू आलीस. इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘यू’मागे बाई आहे की पुरुष, हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ते लपत नाही, क्रियापदाचं शेपूट साक्ष देतं. कुणी म्हणेल, कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात, त्याचं काय? बरोबर आहे, तिथल्या बोलीने ही सोय ठेवली आहे. पण पुस्तकी मराठीत ती नाही. मग ज्याला आपलं प्रेम सांगायचंही आहे आणि सांगायची भीतीही आहे, त्याने काय करायचं? तो नपुसकलिंगाच्या आडोशाला जातो : ‘कोणीतरी भेटलंय.’ नाहीतर अनेकवचनात शिरतो : ‘आम्ही सिनेमाला गेलो होतो.’ किती जण, कोण कोण, काही कळत नाही. आत्ता आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतोय, तोही तसाच आडोसा आहे. व्यासपीठावरून तो शोभतो, घरात वर्षानुवर्षं त्यात राहावं लागलं तर गुदमरायला होतं.

ही गोष्ट मनात ठेवून दोन कलाकृती वाचू.

पहिली, विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. १९८१ साली ते रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन विनय आपट्यांचं, आणि सुमित्रा देव ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. एका स्त्रीचं स्त्रीवरचं प्रेम मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकापुढे असं उघड ठेवायला १९८१ साली धैर्य लागत होतं, ते श्रेय पूर्ण द्यायला हवं. नाव बघा. ‘मित्राची’ हे रूप ‘मित्र’चंही होतं आणि ‘मित्रा’चंही. सुमित्राची अख्खी अडचण त्या एका विभक्तीत बसली आहे.

पण ही गोष्ट सांगतो कोण? बापू. मित्रावर जीव असलेला एक पुरुष. मित्रा बोलते, भांडते, नामासाठी तळमळते, पण हे सगळं आपल्यापर्यंत बापूच्या आठवणीतून येतं. बापूचा जिव्हाळा खरा आहे, तरी निवेदकासाठी मित्रा शेवटपर्यंत ‘ती’च राहते. आणि गोष्ट तिच्या आत्महत्येशी थांबते. प्रेक्षक हळहळतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. ‘ती’विषयी हळहळणं फार सोपं असतं, कारण ती आपल्याला काही विचारायला उरलेली नसते.

दुसरी, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. मौज प्रकाशन गृहाने २००६ साली काढलेली ही छोटी कादंबरी. घरात एक पेइंग गेस्ट येतो, आणि तनय व अनुजा हे भाऊबहीण दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि काही महिन्यांनी तिलाही सोडतो. त्याला नाव नाही. पहिला भाग तनयचा आहे आणि तो थेट त्या गेलेल्या माणसाशी बोलतो. अनुजाचा भाग डायरीसारखा आहे.

तनयच्या भागातली क्रियापदं बघा. ‘मी’ पुल्लिंगी आणि ‘तू’सुद्धा पुल्लिंगी. लेखकाला प्रस्तावना करावी लागत नाही, वाचकाला तयार करावं लागत नाही. प्रेम कुणाचं कुणावर, हे क्रियापदानेच सांगून टाकलेलं असतं. जी भाषा अशा मुलाला लपू देत नव्हती, तिचाच त्याने आधार केला. जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला आणि तो उत्तम आहे, पण हे काम तिथे इतर तपशिलांकडे सोपवावं लागतं. कुंडलकरांनी स्वतः केलेला चित्रपट २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला. त्यात कथा कोचीला गेली आणि भाषा हिंदी-इंग्रजी झाली. तो सुंदर दिसतो. मराठी क्रियापदाची धार मात्र त्यात नाही.

मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने १९२३च्या एका छोट्या ग्रंथात ‘मी-तू’ आणि ‘मी-ते’ असे दोन संबंध सांगितले. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो, त्याच्यासमोर आपण संपूर्ण उभे असतो. ज्याला ‘ते’ करतो, त्याचा अभ्यास करतो, वापर करतो, कधी कीवही करतो. ‘मित्राची गोष्ट’ ते ‘कोबाल्ट ब्लू’ हे पाव शतकाचं अंतर आम्हाला याच भाषेत मोजावंसं वाटतं. आणि लक्षात घ्या, कलम ३७७बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. तनयचं ‘मी’ त्याच्या बारा वर्षं आधी छापलं गेलं.

आता संगीताकडे वळू, कारण तिथे आपला कान किती मोकळा आहे! ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष संत विरहिणी होऊन बोलतो. कीर्तनात बुवा त्या गातात, कुणी अडखळत नाही. ख्यालाच्या बंदिशीत बहुतेक वेळा नायिका बोलते आणि गाणारे खाँसाहेब भरघोस मिशांचे असतात. बालगंधर्व १९११ साली ‘मानापमाना’त भामिनी झाले, १९१९ साली ‘एकच प्याला’त सिंधू झाले, आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या. यावरून संतांच्या किंवा नटांच्या खाजगी आयुष्याविषयी काही सिद्ध होत नाही, तसा ओढूनताणून दावा करूही नये. मुद्दा आपल्या कानाचा आहे. सूर असला, देव असला, पडदा आणि रंग असला, की लिंग ओलांडणारं ‘मी’ आपल्याला गोड लागतं. तेच ‘मी’ शेजारच्या खोलीतून, गद्यात आलं, की आपण खुलासा मागतो.

म्हणून ‘कोबाल्ट ब्लू’मधली आम्हाला सर्वांत बोचणारी जागा प्रेमभंगाची नाही, त्यानंतरची आहे. अनुजा परत येते तेव्हा घर हादरतं. तिच्याविषयी काळजी, चर्चा, उपाय सुरू होतात. त्याच घरात, त्याच माणसासाठी, तितकंच मोडलेला तनय असतो आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही, कारण काय झालंय हेच कुणाला माहीत नाही. दुःख दोघांचं सारखं, पण सांत्वन एकीलाच. कायदा बदलला तरी ही वाटणी आपोआप बदलत नाही. ती घराघरातच बदलावी लागते.

तेव्हा घरातलं एखादं पोर चहा पिता पिता ‘कोणीतरी भेटलंय’ असं म्हणालं, तर लगेच ‘कोण तो?’ किंवा ‘कोण ती?’ करू नका. ‘बरं झालं, कसं आहे?’ एवढंच, त्याच्याच नपुसकलिंगात विचारा. पुढचं लिंग-वचन त्याला हवं तेव्हा तो सांगेल.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा.