शेजारच्या माईकमध्ये शिरलेला आवाज

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमविषयी एक समज रूढ आहे : साध्या, स्वस्त माईकमुळे तो इतका खरा वाटतो. मला हा समज पटत नाही.

जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे, घरातल्या झोपण्याच्या खोलीत, ‘टिॲक १४४’ या चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्राला शुअर कंपनीचे दोन ‘एसएम ५७’ माईक जोडून ही गाणी मुद्रित झाली. दोन ट्रॅकवर गाणे आणि गिटार एकाच वेळी. उरलेल्या दोहोंवर मागाहून दुसरा आवाज, खंजिरी वगैरे. साथीदारांना गाणी ऐकवण्यापुरता हा कच्चा खर्डा होता. पुढे स्टुडिओत बँडसह केलेला प्रयत्न मनासारखा झाला नाही, आणि सप्टेंबरमध्ये कॅसेटवरचे मुद्रणच बाजारात आले.

‘एसएम ५७’ स्वस्त आहे, पण किरकोळ नाही. १९६५पासून तो वापरात आहे. अमेरिकी अध्यक्षांच्या भाषणमंचावरही तोच दिसतो. त्यात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. त्या वजनामुळे तारेवरच्या नखाची खरखर बोथट होते. कंडेन्सर माईकचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा. त्याला ती खरखर स्वच्छ ऐकू येते.

मी भाच्याला गिटारसह बसवून दोन्ही प्रकारच्या जोड्या लावून पाहिल्या. आधी नुसती गिटार, मग नुसते गाणे. कंडेन्सर सहज जिंकला. दुकानदारांच्या तुलना इथेच थांबतात. मग त्याला गाता-गाता वाजवायला लावले, आणि सगळा हिशेब बदलला. गिटारसमोरच्या माईकमध्ये गळा शिरला, गळ्यासमोरच्या माईकमध्ये गिटार.

आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. तोंडापासून एक माईक दुसऱ्यापेक्षा तेवढा दूर असेल आणि दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळले, तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग स्वतःलाच खोडू लागतो. गळा पोकळ होतो. वीतभर माईक सरकवला की तो भरतो. माझ्या खोलीत त्या वीतभराने जेवढा फरक पडला, तेवढा माईक बदलून पडला नाही. (कंडेन्सर खोली जास्त ऐकतो म्हणतात, ते अर्धेच खरे. दोन्ही कार्डिऑइड असले तर खोलीचे प्रमाण जवळपास सारखेच. तपशील तेवढा जास्त.)

आठच्या आकड्यासारखी ग्रहणकक्षा असलेला माईक घेऊन त्याची बहिरी बाजू तोंडाकडे वळवली, तर ही सरमिसळ बरीच टळते. स्टुडिओत तसे करतातही. पण ‘नेब्रास्का’त गळा आणि गिटार एकाच छातीतून आल्यासारखे वाटतात ते, माझ्या मते, या सरमिसळीमुळे. तिला कोणी गाळले नाही, हे महत्त्वाचे. माईकची किंमत गौण.

माझ्या मतालाही एक अडचण आहे. अंतिम मिश्रण करताना गाणी ‘एकोप्लेक्स’ या प्रतिध्वनियंत्रातून नेली होती. म्हणजे ज्याला आपण उघडावाघडा एकटेपणा म्हणतो, त्यातला काही भाग यंत्राने घातलेला आहे. तो किती, हे तयार मिश्रण ऐकून वेगळे काढता येत नाही.

भाच्याने स्वतःसाठी कंडेन्सरवरचेच मुद्रण ठेवून घेतले. त्यात गिटार महागाची वाटते, म्हणाला.