तंजावरचा मराठी राजवाडा

तंजावरचा राजवाडा पाहून आलेला महाराष्ट्रीय गृहस्थ बहुधा तेथील मनोऱ्यांचें वर्णन करूं लागतो, आणि ‘आपल्या मराठ्यांनीं दक्षिणेंत केवढें वैभव उभारलें!’ या उद्गारानें थांबतो. अभिमान योग्य आहे; त्याचा विषय मात्र चुकला आहे. हा वाडा मुख्यतः नायक राजांच्या कारकीर्दींतला. व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले ते १६७६ च्या सुमारास. म्हणजे ते बांधलेल्या घरांतच राहावयास आले.

त्या गोपुरासारख्या मनोऱ्याचेंच पाहा. घडण देवळाच्या शिखराची, थरावर थर चढत निमुळती झालेली; परंतु जेथें देवमूर्ति असावयाच्या तेथें नुसत्या कमानदार खिडक्या. द्राविड आकार व मुसलमानी कमान यांचा हा मेळ ऐकावयास विसंगत वाटेल. प्रत्यक्षांत तो शोभतो, आणि त्या यशाचे धनी नायकांचे कारागीर आहेत. मराठ्यांच्या दरबार-दिवाणखान्यांत उलट जाड खांब, कमानी, छत या सर्वांवर रंगांची इतकी दाटी आहे कीं नजर कोठेंच ठरत नाहीं. आम्हांस तो आवडला नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

नायकांच्या दरबारांत दुसऱ्या सरफोजी राजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याच्या हातचा. राजे हात जोडून उभे आहेत. नमस्कारच तो, पण १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ते जोडलेले हात निराळे दिसतात. ‘नामधारी’ म्हणून ज्यांस आपले लेखक एका ओळींत निकालांत काढतात, त्या या राजांनीं १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला व इसापाच्या गोष्टी मराठींत छापविल्या. सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रहाचें बीजहि नायकांचेंच. त्यास आजचें रूप आलें तें मात्र सरफोजींच्या हौसेनें. तेथें मराठी हस्तलिखितेंच सुमारें तीन हजार आहेत. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ मध्यें सांगलीस नाटक केलें, त्याच्या दीड शतक आधीं शहाजी राजांनीं तंजावरांत मराठी नाटकें लिहिलीं होतीं.

१८५५ मध्यें शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले. कंपनीनें राज्याबरोबर खासगी मालमत्ताहि ताब्यांत घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयांत गेल्या व मद्रासेस जिंकल्या; पण १८५९ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं हें राजसत्तेचें कृत्य होय, न्यायालयास त्यांत हात घालतां येत नाहीं. वाड्याच्या कोणत्याहि वर्णनांत हा खटला आला पाहिजे. तो बहुधा येत नाहीं.

ग्रंथालय १९१८ पासून सर्वांस खुलें आहे. मनोऱ्यावरून उतरलेल्यांनीं त्याच आवारांतील त्या दारांत अवश्य शिरावें. सरफोजींच्या पुस्तकांवर त्यांची स्वतःची इंग्रजी सही आहे. दरबारचीं दप्तरें मात्र मराठींत, आणि मोडी लिपींत.