सुधाकराचा पहिला प्याला

कै. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. त्यास शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी एक आक्षेप अद्याप कानीं येतो. सुधाकरासारखा बुद्धिमान् व मानी वकील एका प्याल्यापायीं इतका रसातळास जाईल हें संभवनीय नाहीं, असें म्हणणारे कित्येक रसिक आमच्या परिचयाचे आहेत. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. मात्र त्याचें उत्तर शोधतांना आपल्या जुन्या शास्त्रकारांची थोडी मदत घ्यावी लागते.

मनूनें राजाला वर्ज्य अशीं व्यसनें अठरा सांगितलीं आहेत: दहा कामापासून उद्भवणारीं व आठ क्रोधापासून. मद्यपान अर्थातच पहिल्या दहांत येतें. कौटिल्याचीहि वांटणी अशीच, संख्या तेवढी कमी. क्रोधज तीन, कामज चार, आणि मद्य तेथेंहि कामजांतच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अधःपाताची जी परंपरा सांगितली आहे, तींतहि विषयाचें चिंतन अगोदर, मग आसक्ति, मग काम, आणि क्रोध त्याच्या मागून.

आतां सुधाकराकडे पाहावें. सुखाची हांव त्याला नाहींच. भर कोर्टांत मुन्सफाशीं खटका उडतो, सनद कांहीं काळ जाते, आणि त्या अपमानाचें विष त्याच्या मनांत भिनूं लागतें. तळीराम पुढें करतो तो प्याला चैनीचा नव्हे. चरचरणाऱ्या जखमेवरील लेप म्हणून तो येतो. म्हणजे शास्त्रकारांनीं कामाच्या घरांत मांडलेलें व्यसन गडकऱ्यांनीं क्रोधाच्या पोटीं जन्मास घातलें. आक्षेपकांना उत्तर हेंच. सुखलोलुप मनुष्याला त्याची बुद्धि एखादे वेळीं आवरूं शकेल. मानी मनुष्याची बुद्धि मात्र त्याच्या अपमानाचेंच वकीलपत्र घेऊन उभी राहते, आणि सुधाकर तर वकीलच होता!

तथापि गीतेचें एक म्हणणें येथेंहि खरें ठरतें. आरंभ चिंतनापासून आहे, प्याल्यापासून नाहीं. पतंजलीनें दुष्ट वितर्क उठतांच त्यांच्या विरुद्ध भावना मनांत आणावी असें सांगितलें, आणि त्या वितर्कांच्या मुळाशीं लोभ व मोह यांजबरोबर क्रोधहि मोजला. औषध नेमकें होतें. तें योग्य वेळीं कोणी दिलें नाहीं. रामलाल सज्जन खरा, पण त्याच्या उपदेशाचा रोख दारूवर, आणि दारू हें तोंवर रोगाचें केवळ वरचें लक्षण होऊन बसलेलें.

नाटकांत दोष नाहींत असें नाहीं. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश विनोदाच्या भरांत लांबले आहेत. मरतांनाहि पतीचा गुन्हा झांकणारी सिंधू तर आज आमच्या विद्यार्थिनींना असह्य होते, आणि त्यांचा राग आम्हांस रास्त वाटतो.

पण दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर जुन्या स्नेह्यांकडे काम मागावयास जातो व ते त्याला झिडकारतात, हा भाग आमच्या मतें या नाटकाचें काळीज होय. येथें पहिलाच अपमान पुन्हा भेटतो, आणि मागोमाग पहिलाच प्याला. विचारानें सांवरूं पाहणाऱ्या मनुष्याला दुसऱ्यानें हात दिल्यावांचून विचार पुरत नाहीं, हें शास्त्रकारांनीं फारसें सांगितलें नव्हतें.

गतवर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी, मोठा हुशार, व्यसन सुटून आठ महिने झाले असें सांगत शिफारसपत्र मागावयास आला होता. आम्हीं त्याला चहा दिला, गीतेवरील एक चांगलें पुस्तक दिलें, आणि पत्राचें ‘पाहूं’ म्हणून टोलवलें. तो पुन्हा आला नाहीं. यंदां हा प्रवेश आम्हीं वर्गांत शिकविला नाहीं. मुलांना तो घरीं वाचावयास सांगितला.